मी न खोडलेला शब्द

तुझ्या बाईंनी प्रगतिपुस्तकावर ‘इन्सायसिव्ह’ असं लिहिलं आणि हे कौतुक की तक्रार, असं तू पत्रात विचारलंस. घरात डिक्शनरी आहे हे मला ठाऊक आहे. ती मीच पाठवली होती. तरी मला विचारलंस ते बरं केलंस. डिक्शनरीत त्या शब्दापुढे दोन ओळी असतील. माझ्याकडे त्याची एक अख्खी हकीकत आहे. त्या शब्दापायी कोल्हापुरातल्या एका मुलीचं कॉलेज अडलं होतं, आणि तो शब्द लिहिणारी मी होते. आईला हे मोठ्यानं वाचून दाखवायला सांग, म्हणजे धाकट्याच्याही कानावर पडेल.

शिकवताना माझा क्रम ठरलेला असे. आधी अर्थ, मग वाक्यात उपयोग. आज उलटं करते. आधी घडलं ते सांगते.

सत्तर साल जवळ आलं होतं. तेव्हा जुनी अकरावी होती. ती पास झालं की माणूस मॅट्रिक. मी एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते आणि अकरावीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका होते. वर्गात मुलगे एकतीस, मुली चौदा. त्या चौदांतल्या एका मुलीची ही गोष्ट. तिचे वडील शिंपी होते. पापाची तिकटी नावाच्या चौकाजवळ त्यांचं लहानसं दुकान होतं आणि आमच्या शाळेतले निम्मे गणवेश तिथेच शिवले जात. मुसलमान कुटुंब, तीन पिढ्या कोल्हापुरात. आई लवकर गेलेली. मामा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होता, म्हणून मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी ती तिकडे काढायची.

वडिलांनी तिला एक शब्द दिला होता. मुलींचंच कॉलेज असेल आणि राहायची सोय मुलींतच असेल, तर पुढे शिकू देईन. पुण्यात असं एक कॉलेज होतं. बाहेरगावच्या मोजक्या मुलींना ते वसतिगृहासकट घेत, पण त्यासाठी शाळेनं एक फॉर्म भरून पाठवावा लागे. पुणं जमलं नाही तर मामीच्या नात्यातलं एक स्थळ इचलकरंजीला तयार होतं. म्हणजे जूनमध्ये एकतर पुणं, नाहीतर लग्न. मुलीला हे माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मुख्याध्यापकांनाही माहीत होतं.

जानेवारीत शाळेचं इन्स्पेक्शन झालं. इन्स्पेक्शनची तयारी म्हणजे काय, ते तुम्हा दोघांना सांगून पटणार नाही. जो धडा साहेबांसमोर घ्यायचा तो आदल्या आठवड्यात तीनदा घेतला जायचा, त्याच प्रश्नांसकट. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबांना नुसते हातच हात दिसायचे, आणि शिकवणाऱ्याला नेमकं कुणाला उठवायचं ते कळायचं. यात काही खोटं आहे असं कुणाला वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं. माझ्या तासालाही हेच चाले.

त्या दिवशी गणिताचा तास होता आणि गणित स्वतः मुख्याध्यापक शिकवायचे. हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. भुदरगडकडच्या खेड्यातून अनवाणी चालत शाळेत आलेला आणि शाळा हेच घर मानणारा माणूस. एखादं पोर उपाशी दिसलं तर स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याच्यापुढे ठेवायचे. पण शिस्तीचे फार कडक, आणि साहेब लोकांसमोर फार वाकणारे.

मी वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभी होते. फळ्यावर गणित होतं: दहा विणकर एक काम आठ दिवसांत करतात. वीस विणकर किती दिवसांत करतील?

सगळे हात वर. मुख्याध्यापकांनी उजवा हात वर केलेल्या एकाला उठवलं. “चार दिवसांत, सर.”

“चाळीस?”

“दोन दिवसांत.”

साहेब खूश झाले. खुर्चीतून उठून स्वतःच पुढे आले आणि म्हणाले, “आणि ऐंशी विणकर लावले तर? सगळ्यांनी सांगा.”

“एक दिवस!” सगळा वर्ग ओरडला.

तेवढ्यात साहेबांचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिनं उजवा हात वर केला नव्हता, डावाही नाही. दोन्ही हात बाकावर होते.

“तू गं? तुला येत नाही?”

ती उभी राहिली. “येतंय की साहेब. पण माग किती हायत?”

“काय?”

“माग किती हायत त्ये लिवलं न्हाय. धाच माग असलं तर ऐंशी मान्सं काय करत्याली? तीन पाळ्या लावल्या तरी तीसच मान्सं कामाला येत्यात. बाकीची पन्नास भाईर बसून चहा पित्याली.”

मागच्या बाकावरचा एकजण फिस्सकन हसला. मग सगळा वर्गच. मी हसले नाही, कारण मी मनात तीस आणि दहाचा हिशेब करून बघत होते आणि तो बरोबर येत होता. गेली कितीतरी वर्षं ते गणित आम्ही शिकवत होतो. विणकरांच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर बसून शिकवत होतो. आणि माग किती, हे एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नव्हतं.

साहेब हसले नाहीत. “मुलगी जरा आगाऊ आहे,” एवढं म्हणून ते दुसऱ्या वर्गाकडे निघाले. संध्याकाळी त्यांच्या शेरेबुकात एक ओळ होती: विद्यार्थ्यांच्या शिस्तीकडे अधिक लक्ष पुरवावे. मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीतली ती असली पहिली ओळ.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता.

“शिंप्याची पोर लई शानी झालीया.”

“तोंडाचा पट्टा बघितलासा का? आईविना वाढलेली. वळण कोण लावणार?”

“आमच्या घरात असती तर—”

“तुमच्या घरात असती तर तुमचाच हिशेब मांडला असता तिनं,” मी म्हणाले, आणि चहाचा कप धुवायला उठले.

मार्चमध्ये पुण्याचा फॉर्म आला. त्यात एक चौकट होती: वर्गशिक्षिकेचं मत, इंग्रजीत, थोडक्यात. मी दोन दिवस ती चौकट रिकामी ठेवली. ‘क्लेव्हर’ लिहिता आलं असतं, पण क्लेव्हर तर नक्कल करणारा पोपटही असतो. ‘इंटेलिजंट’ म्हणजे आपल्याकडे पहिल्या पाचात नंबर. तिचा नंबर नववा-दहावा असायचा. ‘शार्प’ जवळ येत होता. पण शार्प वस्तू नुसती पडून असली तरी कुणाला लागते, आणि या मुलीनं कधी कुणाला विनाकारण टोचलेलं मी पाहिलं नव्हतं. तिचं वेगळंच होतं. दहा गोष्टी समोर असल्या तर नऊ बाजूला सारून ती बरोबर दहावीवर बोट ठेवायची. बाकी सगळे ज्यावरून घसरून गेले, तिथे ती थांबायची. यासाठी मला एकच शब्द ठाऊक होता आणि तो मी लिहिला. ‘हर थिंकिंग इज इन्सायसिव्ह.’ खाली सही केली आणि फॉर्म ऑफिसात दिला.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. फॉर्म टेबलावर होता आणि माझ्या शब्दावर लाल शाईची आडवी रेघ होती.

“बाई, हे काय लिहिलंय?”

“माझं मत, सर.”

“या शब्दाचा अर्थ मला माहीत आहे. त्याच्यासाठीच खोडलाय.” त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. “शाळेची पद्धत आहे. मुलींसाठी काय लिहायचं ते ठरलेलं आहे. त्यातलं कुठलंही लिहा, मी डोळे झाकून सही करतो. ही यादी कुणाच्या अक्षरातली आहे, सांगता?”

माझ्या अक्षरातली होती.

ही गोष्ट मी तुमच्या आईलाही कधी सांगितली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पाहिलं की इंग्रजीतून शेरे लिहिताना शिक्षक वाटेल त्या चुका करतात. मला अव्यवस्थितपणा सोसत नाही. मी एका रविवारी बसून, रूळ लावून, छान यादी केली होती. डावीकडे मुलगे: इंटेलिजंट, शार्प, एंटरप्रायझिंग, बोल्ड. उजवीकडे मुली: ओबीडियंट, पोलाइट, नीट, सॉफ्ट-स्पोकन. सायक्लोस्टाइल करून सगळ्यांना वाटली होती. वर्षानुवर्षं शेकडो मुलींच्या वर्तणुकीच्या दाखल्यांवर माझ्या उजव्या रकान्यातले चार शब्द फिरून फिरून लिहिले गेले. कुणी मला ती यादी करायला सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या हौसेनं केलं होतं.

मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, मी खाली मान घालेन अशी त्यांची अपेक्षा होती.

“सर, यादी माझी आहे,” मी म्हणाले. “म्हणून ती मोडायचा पहिला हक्कही माझा.”

मग त्यांचा आवाज चढला, आणि आवाज चढला की ते गावाकडचं बोलू लागत. “तुमास्नी काय कळतंय का बाई? पुण्याची मान्सं काय म्हंत्याली? साहेबांच्या म्होरं उलट बोललेली पोरगी, आणि तिला आपण वर सर्टिफिकेट द्यायचं? नुसतं ‘ओबीडियंट’ लिवलासा तर जाईल की पोर पुण्याला! तिचं भलं व्हावं असं वाटतंय का न्हाय तुमास्नी?”

त्यात तथ्य होतं, आणि तेच मला झोंबलं. मी बाहेर आले. संध्याकाळी घरी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते बँकेतून येऊन शेंगा फोडत बसले होते.

“एक शब्द आहे ना? गिळ की.”

“का गिळू?”

“मुलीला पुण्याला जायचंय म्हणून. तुला शब्दकोशात जायचंय का?”

“अहो, ती ओबीडियंट नाही. मी खोटं लिहू?”

“आजपर्यंत किती जणींना लिहिलंस? त्या सगळ्या होत्या?”

मी त्यांच्या पुढ्यातलं शेंगांचं ताट उचलून आत नेलं. पण त्याच संध्याकाळी पुण्याला पत्र टाकलं: फॉर्मवर शाई सांडल्यामुळे दुसरा फॉर्म पाठवावा. शाई सांडली होतीच. फक्त ती कुणी सांडली ते लिहिलं नाही.

फॉर्म यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी आधी मुलीला आणि मग तिच्या वडिलांना विचारायचं ठरवलं, कारण डाव त्यांचा होता, फासा टाकणारी मी. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिला थांबवून सगळं सांगितलं. यादीसकट.

तिनं विचारलं, “मंग त्या शब्दाचा अर्थ चांगला हाय का वाईट?”

“चांगला.”

“खरा हाय का?”

“हो.”

“मंग खोडू नगासा.” ती निघाली, दारात थांबली आणि वळून म्हणाली, “बाई, आनि बाकीच्या तेरा जनींस्नी काय लिवलासा?”

बाकीच्या तेराजणींचे दाखले माझ्या कपाटात तयार होते. उजव्या रकान्यातून उतरवून काढलेले. ती, “मी येतो बाई,” म्हणून गेली. आमच्याकडे मुलीही ‘येतो’ म्हणतात. मी त्या रिकाम्या वर्गात बसून राहिले. फळा पुसलेला नव्हता, तो पुसला. मग कपाट उघडलं आणि ते तेरा दाखले मधोमध फाडले.

दुकानात गेले तेव्हा तिचे वडील कापड पसरून खडूनं खुणा करत होते. मी त्यांनाही शब्द सांगितला. छेद घेणारी, असा त्याचा मूळ अर्थ. त्यांनी विचार केला.

“म्हंजे कापनारी?”

“तसंच. पण नुसतं कापणारी नाही. योग्य जागी कापणारी.”

“कातर काय, कुनीबी चालवतंय बाई,” ते म्हणाले. “कुटं थांबायचं त्ये कळाय पायजे. पोरीला कळतंय का त्ये?”

“साहेबांनी ‘आगाऊ’ म्हटल्यावर ती एक अक्षर पुढे बोलली नाही.”

त्यांनी मान हलवली. “लिवा मग. खोटं लिवून पोर धाडली, तर तितं बी तिला खोटंच ऱ्हावं लागंल.”

दुसरा फॉर्म आला. मी तोच शब्द लिहिला आणि सोबत एक पान जोडलं. त्यावर फळ्यावरचं गणित, साहेबांचा प्रश्न आणि मुलीचं उत्तर, जसंच्या तसं, इंग्रजीत. शेवटी काही टिप्पणी नाही. घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले.

“पुन्हा तेच?”

“सर, तुम्ही वर्गात रोज सांगता, नुसतं उत्तर लिहिलंत तर मार्क मिळणार नाहीत, रीत दाखवा. ही माझी रीत. शब्द वर आहे, रीत खाली आहे. तुमचं मत वेगळं असेल तर तुमच्या चौकटीत लिहा, मी हरकत घेणार नाही. पण माझ्या चौकटीत तुम्ही रेघ मारायची नाही.”

ते पान त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. गणिताचा माणूस होता. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनीही दहा मागांवर तीस माणसं बसवून पाहिली. मग पेन उघडून आपल्या चौकटीत त्यांनी लिहिलं, मोठ्यांना प्रश्न करण्याची सवय आहे. खाली सही केली.

“हे खरं आहे का नाही?” त्यांनी विचारलं.

“अगदी खरं आहे, सर,” मी म्हणाले.

फॉर्म गेला. एप्रिल-मे मी तेरा दाखले नव्यानं लिहिण्यात घालवले. प्रत्येकीसाठी एक शब्द, आणि त्या शब्दाखाली तिनं केलेली एखादी गोष्ट. तुम्हाला वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं. एकीबद्दल मला तीन दिवस काही आठवेना. वर्षभर ती तिसऱ्या बाकावर माझ्या समोर बसत होती, आणि ती केस कसे विंचरते यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. शेवटी मी तिच्या घरी गेले, तासभर बसले, आणि कळलं की घरातल्या म्हशींचं दूध ती एकटी काढते आणि डेअरीवाल्यानं माप मारलं तर त्याला रस्त्यात अडवते. लिहिलं, ‘फियरलेस’. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, हे दाखले आहेत की कादंबरी?” मी म्हणाले, “सहीची जागा खाली आहे, सर.” त्यांनी केल्या. सातांवर लगेच, सहांवर कुरकुरत.

जूनमध्ये निकाल लागला. मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. आठ दिवसांनी पुण्याचं पत्र आलं. शिपायानं ते थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेलं, आणि त्यांनी ते उघडून माझ्या हातात दिलं. सभ्य इंग्रजीत लिहिलेलं होतं. जागा मर्यादित असल्यामुळे संस्थेच्या शिस्तीत सहज मिसळतील अशा मुलींना प्राधान्य दिलं आहे. आपल्या विद्यार्थिनीला शुभेच्छा.

“झालं समाधान?” मुख्याध्यापकांनी विचारलं. आवाजात आनंद नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आजोबांनी एक शब्दही ऐकवला नाही, उलट स्वतःहून ताक घुसळून आणून दिलं. मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. ‘ओबीडियंट’ लिहिलं असतं तर ती कदाचित गेली असती. मी लिहिलं नाही म्हणून ती जाणार नव्हती. हे असंच आहे, यातून मला सुटका नाही आणि मी ती मागतही नाही. पण ज्यांनी ते पान वाचून, माग किती हा प्रश्न वाचून, ही मुलगी आम्हाला नको असं ठरवलं, चूक त्यांची होती. त्यांची चूक मी माझ्या खात्यावर घेणार नाही. तेव्हा घेतली नाही, आजही घेत नाही.

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन दुकानात गेले. वडील मशीनवर होते, मुलगी काजं करत बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते कापड तिथेच टाकून बाहेर गेलं.

मुलीनं सुई कापडात खोचून ठेवली. “नगं तर नगं म्हनू देत की. हितं बी कालेज हाय.”

“हितलं न्हाय,” वडील म्हणाले. “हितं पोरं-पोरी एकाच वर्गात. आपलं काय ठरलं हुतं?”

“ठरलं हुतं, अब्बा. म्या कुटं न्हाय म्हंतोय.” तिनं हातातलं कापड बाजूला ठेवलं. “अब्बा, हितल्या कालेजात पोरं कुठनं येत्यात?”

“कुठनं म्हंजे? गावातनं.”

“म्हंजे आमच्याच शाळंतनं. आनि आजूबाजूच्या. जी अकरावीला माज्या मागच्या बाकावर बसत हुती, तीच. त्यातल्या निम्म्यांच्या चड्ड्या तुमीच शिवल्यासा. अकरा वर्सं ती पोरं चालली. आता जूनपास्नं त्यास्नी शिंगं फुटत्यात व्हय?”

वडिलांनी मशीन थांबवलं. माझ्याकडे बघितलं, जणू हे वाक्य मीच तिला पढवून आणलं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं.

“मामीला काय सांगू?” त्यांनी विचारलं.

“तिला सांगा, पोरगी आगाऊ हाय. तीच न्हाय म्हनंल.”

ते हसले नाहीत लगेच. आधी खडू उचलला, पुन्हा ठेवला. मग हसू आवरेना म्हणून तोंड फिरवलं. पाठ माझ्याकडे होती, पण खांदे हलताना दिसत होते. वळले तेव्हा डोळे पुसत विचारलं, “फारम कवा मिळतोय, बाई?”

“उद्या दहाला. शनिवारी बंद होणार.”

त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला त्याच दिवशी हवा होता. क्लार्क रजेवर होता. मुख्याध्यापकांनी स्वतः बसून हातानं लिहून दिला. वर्तणुकीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, चांगली. यादीतला शब्द नाही, माझाही नाही. शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला आणि मला म्हणाले, “यंदा तुम्हाला वर्गशिक्षिका म्हणून वर्ग देणार नाही, बाई. दोन इन्स्पेक्शनं अशी गेली तर मी संपलो.”

“नका देऊ, सर,” मी म्हणाले. मला वर्ग मिळाला नाही. तीन वर्षं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीसमोर रांग होती. मुलगी पुढे, तिचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून मागे, आणि मी त्यांच्या मागे, कारण त्यांनी “बाई, तुमी बी चला” म्हटलं होतं. आतल्या कारकुनानं मान वर न करता वडिलांना विचारलं, “कुठली साइड? आर्ट्स ना?”

“सायन्स,” मुलगी म्हणाली.

कारकुनानं चष्म्यावरून वडिलांकडे पाहिलं. “काय हो पावणं? आर्ट्स लिहू ना?”

“तिनं सांगितलं की साहेब,” वडील म्हणाले. “ऐकू आलं न्हाय व्हय?”